काटा खोटा की इंजिन खिळखिळे?

ऑइल प्रेशर तपासण्याची रीत : गॅरेज व्यावसायिक आणि गाडीमालक बांधवांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात फुलसावंगी हे मोठे गाव आहे. नागपूर-तुळजापूर महामार्ग महागाव आणि उमरखेडवरून जातो, तर पैनगंगा ओलांडली की माहूर. या पट्ट्यातील शेतमालाची आणि माणसांची ने-आण जीप, टेम्पो, ट्रॅक्टर आणि सेकंडहँड घेतलेल्या मोटारी यांच्यावर चालते. गाडी बंद पडली की मालकाची रोजी बंद पडते. अशा गाड्या ज्या गॅरेजमध्ये येतात, तेथे मिस्त्री, वायरमन, वेल्डर, डेंटर म्हणून आपले अनेक बांधव काम करीत असतात. त्यांच्यासमोर नेहमी येणाऱ्या एका तक्रारीचा विचार येथे करायचा आहे. ती तक्रार म्हणजे, ‘ऑइलचा काटा खाली आला आहे.’

ही तक्रार ऐकताच दोन प्रकारचे निर्णय घाईने घेतले जातात. काही मिस्त्री लगेच चेंबर उतरवतात, ऑइल पंप आणि बेअरिंग बदलायला सांगतात. काही जण डॅशबोर्डकडे बघून म्हणतात, ‘सेन्सर गेला असेल, चालू द्या.’ पहिल्या निर्णयात ग्राहकाचे हजारो रुपये विनाकारण जातात. दुसऱ्या निर्णयात इंजिन रस्त्यात जाम होते आणि क्रँकसकट सारे कामातून जाते. वरवर पाहता हे निर्णय परस्परविरोधी आहेत, पण दोघांचे मूळ एकच : प्रेशर कोणी मोजलेच नाही. काटा हा केवळ साक्षीदार आहे. त्याची साक्ष खरी की खोटी हे ठरवल्याशिवाय निकाल देऊ नये, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

प्रेशर म्हणजे काय?

ऑइल पंप स्वतः प्रेशर तयार करीत नाही, तो ऑइल ढकलतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधील बारीक फटीतून ते ऑइल जाताना त्याला अडथळा होतो आणि त्या अडथळ्यामुळे प्रेशर निर्माण होते. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की आत जोर वाढतो, तसाच हा प्रकार. बेअरिंग झिजले, फट रुंद झाली, की अंगठा उचलल्यासारखे होऊन प्रेशर उतरते. ऑइल पातळ झाले तरी तेच होते.

म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. थंड इंजिनात काटा वर असणे आणि मे महिन्याच्या दुपारी, विदर्भातील ४४-४५ अंशांच्या उन्हात, लांबच्या फेरीनंतर तो थोडा खाली असणे हे स्वाभाविक आहे. सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा यांची तुलना करून इंजिन बिघडले असे ठरवता येत नाही. तसेच काटा फार वर असणे हेही नेहमी शुभलक्षण नसते. रिलीफ व्हॉल्व्ह अडकला असेल किंवा पुढची वाट तुंबली असेल, तर प्रेशर जास्त दिसते आणि टॅपेटपर्यंत मात्र ऑइल पोचत नाही.

साक्षीदार किती प्रकारचे?

गाडीमालकाला ऑइलची खबर देणारी साधने मुख्यतः चार प्रकारची असतात. आपल्यासमोर कोणते आहे हे आधी ओळखावे.

पहिला प्रकार पाइपच्या गेजचा. यात इंजिनातील ऑइल बारीक नळीतून थेट गेजपर्यंत येते. आत वाकवलेली चपटी नळी असते, ती प्रेशरने सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. फ्रान्सच्या यूजीन बुर्दों यांनी १८४९ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. आजही टायरच्या हवेच्या मोठ्या गेजपासून बॉयलरपर्यंत हीच रचना दिसते. या गेजमध्ये बिघाड होतो तो बहुधा नळी चेमटल्याने किंवा गाळाने तुंबल्याने.

दुसरा प्रकार विजेच्या काट्याचा. इंजिनावर सेंडर बसवलेला असतो आणि प्रेशरप्रमाणे त्याचा रेझिस्टन्स बदलतो. डॅशबोर्डवरील काटा त्यानुसार हलतो.

तिसरा प्रकार लाल दिव्याचा. मारुती ८०० सारख्या मोटारीत काटा नव्हता, फक्त दिवा होता. त्याचा स्विच प्रेशर नसताना बॉडीला अर्थ देऊन दिवा लावतो आणि प्रेशर आले की तोडतो. साधारणपणे हा स्विच दर चौरस सेंटिमीटरला ०.३ ते ०.५ किलोच्या आसपास काम करतो. याचा अर्थ असा की दिवा लागतो तेव्हा प्रेशर जवळजवळ संपलेले असते. उलट, दिवा विझला म्हणजे इंजिन निरोगी आहे, असा दाखला मिळत नाही.

चौथा प्रकार नव्या गाड्यांचा. तीन वायरींचा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि कॉम्प्युटरला खबर देतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, त्यानंतरच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणखी वाढली. अशा सेन्सरवर खाली सांगितलेली ‘वायर बॉडीला लावून बघणे’ ही तपासणी कधीही करू नये. तेथे स्कॅनर आणि कंपनीचे पुस्तकच हवे.

काटा दिसतो म्हणून तो मोजमाप दाखवतो, असेही समजू नये. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही गाड्यांत काट्यामागे साधा स्विच बसवला होता. थोडेसे प्रेशर आले की काटा मध्यावर जाऊन थांबे आणि मालकाला वाटे, सर्व ठीक आहे.

पाना न उचलता करायची तपासणी

इंजिन चालू असताना दिवा लागला किंवा काटा शून्यावर आला, तर पहिले काम इंजिन बंद करणे. सोबत खालून जड ठोका किंवा वरून टॅपेटची खडखड ऐकू येत असेल, तर गाडी ओढूनच गॅरेजमध्ये आणावी. ‘दोनच किलोमीटर आहे’ म्हणून चालवणे महागात पडते. खोटा काटा तपासायला वेळ मिळतो, पण खरे प्रेशर गेले असेल तर इंजिन तेवढा वेळ देत नाही.

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. ऑइल कमी असेल तर वळणावर किंवा ब्रेक मारताना पंप हवा ओढतो आणि काटा थरथरतो. ऑइल बोटांत घेऊन वास घ्यावा. पेट्रोल-डिझेल मिसळले असेल तर वास येतो आणि पातळपणा जाणवतो. दुधाळ रंग दिसला तर पाणी मिसळले आहे असे समजावे. कोणत्या ग्रेडचे ऑइल टाकले, शेवटचे कधी बदलले, फिल्टर कुठला बसवला, हे ग्राहकाला विचारावे. अनेकदा रोगाचे नाव या उत्तरातच मिळते.

नंतर चावी ऑन करावी, पण इंजिन सुरू करू नये. या वेळी इंजिनात प्रेशर नाही हे आपल्याला नक्की माहीत असते. म्हणून काटा शून्यावर असला पाहिजे आणि दिवा लागला पाहिजे. बंद इंजिनात काटा २ किलो दाखवत असेल, तर खोटे कोण बोलते आहे हे तेथेच कळले. दिवा लागलाच नाही तर बल्ब, वायर किंवा स्विच गेला आहे. हा दोष सर्वांत घातक असतो, कारण उद्या प्रेशर गेले तरी मालकाला इशारा मिळणार नाही.

याच वेळी पेट्रोलचा आणि पाण्याच्या तापमानाचा काटाही पाहावा. तिन्ही काटे एकाच वेळी चुकीचे दाखवत असतील तर दोष बहुधा गेजच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरमध्ये किंवा डॅशबोर्डच्या अर्थिंगमध्ये असतो. हेडलाइट लावताच ऑइलचा काटा हलला, तरीही अर्थिंगवर संशय घ्यावा.

वायर काढून काय कळते?

दिव्याच्या गाडीत चावी ऑन करून स्विचची वायर काढावी. दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर ती वायर वाटेत कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे. नंतर वायर क्षणभर बॉडीला लावावी. दिवा लागला तर वायर आणि बल्ब ठीक.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. चालू इंजिनात दिवा लागला होता आणि वायर काढताच विझला, एवढ्यावरून स्विच खराब आहे असे सिद्ध होत नाही. खरोखर प्रेशर नसले तरी तो असाच विझणार. या तपासणीने फक्त वायरचा निकाल लागतो, इंजिनाचा लागत नाही.

काट्याच्या गाडीत वायर काढली की काटा एका टोकाला आणि बॉडीला लावली की दुसऱ्या टोकाला जातो. कोणत्या टोकाला, हे सेंडरच्या जातीवर अवलंबून आहे. युरोपीय पद्धतीच्या सेंडरचा रेझिस्टन्स साधारण १० ते १८० ओहम असतो आणि प्रेशरबरोबर वाढतो. त्यामुळे वायर काढली की काटा पूर्ण वर जातो. अमेरिकी पद्धतीत शून्य प्रेशरला २४० ओहम आणि पूर्ण प्रेशरला ३३ ओहम असतो. तेथे वायर काढली की काटा शून्यावर येतो. तपासताना वायर बॉडीला जास्त वेळ धरून ठेवू नये, गेज जळू शकते.

बाजारातून ‘हेही बसते’ म्हणून आणलेला सेंडर आट्यांत बसतो, पण हिशेबात बसत नाही. एक उदाहरण घेऊ. १० ते १८० ओहमचे सेंडर ५ किलोच्या मापाचेही मिळतात आणि १० किलोच्या मापाचेही. गेज ५ किलोचे आणि सेंडर १० किलोचा असेल, तर इंजिनात खरे प्रेशर ४ किलो असताना काटा २ किलो दाखवील. इंजिन उत्तम, काटा अर्ध्यावर आणि ग्राहक घाबरलेला! अशा वेळी सेंडर बदलून झालेला आहे, म्हणून दोष इंजिनातच असणार, असा तर्क केला की चुकीच्या इंजिनावर पाना चालतो.

सेंडरला अर्थ मिळतो तो त्याच्या आट्यांमधून. गळती थांबवण्यासाठी टेफ्लॉन टेपचे जाड वेटोळे दिले की अर्थ तुटतो आणि काटा वेडावाकडा फिरतो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थ पट्टी गंजली असेल तरी तेच होते. तिथे मल्टिमीटर लावून पाहावे.

निकाल देणारे साधन : मास्टर गेज

वरील सर्व तपासणीने संशयित कमी होतात. निकाल मात्र एकाच साधनाने लागतो : खात्रीचे पाइप गेज, ज्याला गॅरेजमध्ये मास्टर गेज म्हणतात. सेंडर किंवा स्विच काढून त्याच छिद्रात ते बसवायचे. इंजिनाच्या एका मोठ्या कामाच्या तुलनेत याची किंमत फार नाही आणि ते अनेक वर्षे टिकते. लहान गॅरेजवाल्यांनी दोघा-तिघांत मिळून घेतले तरी चालेल.

बसवताना आटे जुळवून घ्यावेत. १/८ बीएसपी मापाला इंचात २८ आटे असतात आणि १/८ एनपीटी मापाला २७. काही गाड्यांत १० मिलिमीटरचे मेट्रिक आटे असतात. हे पहिल्या एक-दोन फेऱ्यांत सारखेच वाटतात. पुढे पाना जोराने फिरवला की ब्लॉकमधील आटे मारले जातात आणि तीनशे रुपयांच्या कामाचे तीस हजारांचे काम होते. हाताने सहज न फिरणारा अडॅप्टर काढून ठेवावा.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, म्हणजे रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन गेल्यावर, आकडे घ्यावेत. एक आकडा स्लोवर, दुसरा २००० आणि तिसरा ३००० आरपीएमला. गरम इंजिनात दर १००० आरपीएममागे १० पौंड हा मिस्त्री लोकांचा जुना अंदाज आहे. तो अंदाजच समजावा. अंतिम आकडा त्या गाडीच्या कंपनीच्या पुस्तकातील. एककाचा घोळही टाळावा : १ किलो म्हणजे सुमारे १४ पौंड, तेव्हा ३० पौंड म्हणजे २ किलोहून थोडे अधिक.

मास्टर गेजचा आकडा योग्य आणि डॅशबोर्डचा चुकीचा, तर काम सेंडर, वायर किंवा गेजचे. इंजिनाला हात लावायचा नाही.

प्रेशर खरोखर कमी निघाले तर

तरीही सुरुवात स्वस्त कारणापासून करावी. योग्य ग्रेडचे ऑइल आणि चांगला फिल्टर टाकून पुन्हा मोजावे. त्यानंतर रिलीफ व्हॉल्व्ह. त्याची स्प्रिंग दबली किंवा कचऱ्याने तो उघडा राहिला, तर ऑइल परत चेंबरमध्ये जाते. मग चेंबर उतरवून पंपाची जाळी पाहावी. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत तेथे डांबरासारखा गाळ सापडतो आणि गॅसकेटला सिलिकॉन फासलेल्या इंजिनात त्याचे तुकडे सापडतात. पंप आणि बेअरिंग यांचा क्रम यानंतरचा.

आकड्यांचा नमुनाही बरेच सांगतो. थंडीत आणि रेस दिल्यावर चांगले, पण गरम झाल्यावर स्लोवर कमी, तर पातळ ऑइल किंवा झिजलेले बेअरिंग. सर्वत्र कमी, तर पंप, जाळी किंवा रिलीफ व्हॉल्व्ह. सकाळी सुरू करताना उशिरा चढते आणि मग ठीक राहते, तर फिल्टर रात्रभर ऑइल धरून ठेवत नाही.

चालू इंजिनाजवळ सावधान

ही तपासणी चालू इंजिनावर करावी लागते, म्हणून एका गोष्टीची आठवण करून देणे आवश्यक आहे. फुलसावंगीचे नाव ऑगस्ट २०२१ मध्ये देशभरातील वृत्तपत्रांत आले. गावातील २४ वर्षांचा तरुण शेख इस्माईल, ज्याला सारे मुन्ना म्हणत, त्याने मारुती ८०० चे इंजिन वापरून स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर तयार केले होते. शिक्षण आठवीपर्यंत आणि हातात कारागिरी. १० ऑगस्टच्या रात्री चाचणी घेत असताना पाते तुटले, डोक्याला लागले आणि त्याचा मृत्यू झाला. अल्लाह त्याची मगफिरत करो. आपल्या वस्त्यांमध्ये कसबाची वाण नाही, हे या तरुणाने दाखवले. त्याच्या मृत्यूने हेही दाखवले की यंत्र बनवणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते सुरक्षितपणे तपासणे महत्त्वाचे आहे.

गॅरेजमध्येही फिरणारा पंखा आणि पट्टा असतोच. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावलेला असावा. कुर्त्याची सैल बाही, रुमाल, मफलर दूर ठेवावे. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो. गेजची नळी पंखा आणि सायलेन्सरपासून लांब बांधावी, कारण नळी सुटली तर गरम ऑइलचा फवारा अंगावर येतो. पंख्याच्या पात्यांच्या रेषेत उभे राहून रेस देऊ नये आणि लहान शागीर्दाला तर तेथे मुळीच उभे करू नये.

तपासणीची मजुरी आणि सचोटी

आता धंद्याचा प्रश्न. मिस्त्री म्हणेल, तासभर खपून शेवटी वायर सुटलेली निघाली, तर ग्राहक काय देणार? हा प्रश्न योग्य आहे. निदानाची मजुरी मिळत नसल्यामुळेच अनेकदा पार्ट विकण्याचा मोह होतो. यावर उपाय म्हणजे तपासणीची मजुरी वेगळी ठेवणे आणि काम हाती घेण्यापूर्वी ती उघडपणे सांगणे. ग्राहकांनीही ती आनंदाने द्यावी. इंजिन खोलावे लागत नाही, हे कळण्याची किंमत इंजिन खोलण्याच्या खर्चापेक्षा नेहमीच कमी असते.

प्रत्येक तपासणीची नोंद ठेवावी : तारीख, किलोमीटर, ऑइलची ग्रेड, गरम इंजिनाचे तिन्ही आकडे. बिलावर हे आकडे लिहावेत आणि बदललेला पार्ट ग्राहकाच्या हाती द्यावा. मोबदला घेऊन केलेली दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा आहे. उद्या वाद झालाच तर लिहून ठेवलेला आकडा प्रामाणिक कारागिराच्या उपयोगी पडतो.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, ही हदीस सर्वांना माहीत आहे. पावसाने भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, अशी विचारणा त्यांनी त्या व्यापाऱ्याला केली आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. गॅरेजवाल्या बांधवांसाठी यात दोन धडे आहेत. ढिगाचा वरचा थर पाहून माल ठरवायचा नसतो, आत हात घालावा लागतो. आणि आत जे सापडेल ते ग्राहकाच्या नजरेस आणावे लागते.

तेव्हा उद्या कोणी ‘काटा खाली आला’ म्हणत गाडी घेऊन आला, तर इंजिन बंद करावे, डिपस्टिक पाहावी, चावी ऑन करून काट्याची साक्ष घ्यावी, मास्टर गेज लावावे आणि ग्राहकाला जवळ बोलावून आकडा दाखवावा. ज्या गॅरेजमध्ये हे घडते, तेथे ग्राहक पुढच्या वेळी भाव विचारण्याआधी गाडीची चावी पुढे करतो.